पाहुणी, वय नऊ

१

माझ्या हातून आजवर एकही नोंद चुकलेली नाही. ही बढाई वाटेल, पण चौतीस वर्षं डेटाबेस सांभाळलेल्या माणसाला एवढी बढाई माफ असावी. नागपूरहून निघालो, पुण्यात सहा वर्षं काढली, मग मिनेसोटात आलो आणि इथल्या थंडीत केस पांढरे केले. आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली. ईडन प्रेरीत मुलाच्या घरी खालच्या मजल्यावर मी आणि शैलजा राहतो. वर अनिश, सून हॅना आणि नात रुही.

सकाळी साडेआठला अनिश आणि हॅना आपापल्या गाड्या काढतात. शैलजा चालायला जाते आणि तिथूनच योगाच्या क्लासला. नऊ ते बारा रुही माझ्या ताब्यात असते. ती आणि मी किचनच्या टेबलाशी बसतो, ती तिच्या उंच खुर्चीत ओटमील चिवडत, मी लॅपटॉप उघडून. समोर डेकवर जायचं सरकतं काचेचं दार, दाराशी एक रिकामी खुर्ची, बाहेर मेपलचं झाड. माझ्या दिवसातले हे सगळ्यात सुखाचे तीन तास.

रुही साडेतीन वर्षांची होती आणि तिनं अजून एक शब्द उच्चारलेला नव्हता. कान तपासून झाले होते, ठणठणीत. समज तर विचारू नका. निळा कप आण म्हटलं की निळाच आणायची, आणि आजोबांचा चष्मा लपव म्हटलं तर तो असा लपवायची की मलाच शरण जावं लागायचं. पण ओठ मिटलेले. रडायची तीसुद्धा आवाज न करता. हॅना रोज झोपवताना तिच्या कानाशी म्हणायची, “एकदा ममा म्हण, बस, एकदाच.” मी जिन्यातून हे ऐकायचो आणि पाय न वाजवता खाली यायचो.

स्पीच थेरपिस्ट मोना म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलीसमोर सतत बोला, काहीही मोठ्यानं वाचून दाखवा. दुसरी, एक फॉर्म भरून द्या. त्यात प्रश्न होता : कुटुंबात पूर्वी कोणी उशिरा बोललं होतं का?

आमच्या बाजूचं मी सात दिवसांत लिहून दिलं, सतराशे नव्वदपर्यंत मागे जाऊन. आमच्याकडे उशिरा बोललेलं कोणी नाही, गप्प बसलेलंही कोणी नाही. हॅनाची बाजू मात्र कोरी राहिली.

“मला खरंच माहीत नाही बाबा,” ती म्हणाली. हॅना माझ्याशी इंग्रजीतच बोलते, मी ते इथे मराठीत सांगतो आहे. “आईकडचे सगळे इंग्लंडच्या उत्तरेकडचे गिरणी कामगार. त्यांचं कोण कशाला काय लिहून ठेवणार?”

“लिहून ठेवलंय,” मी म्हणालो. “त्यांनी नाही, सरकारनं. मी शोधतो.”

२

गावाचं नाव ब्रॅकनशॉ. टेकडीच्या कुशीत सुताच्या गिरण्या आणि त्यांच्याभोवती एकाला एक चिकटलेली घरं. तिथे दर दहा वर्षांनी जनगणनेचा कारकून दारोदार फिरायचा आणि त्या रात्री त्या छपराखाली जो जो झोपला असेल त्याची नोंद करायचा. नाव, घरच्या कर्त्याशी नातं, वय, काम. शेवटचा रकाना आंधळं, बहिरं, मुकं कोणी असेल तर.

हे काम मला मनापासून आवडलं. माझी पद्धत साधी आहे. कागद असेल तर लिहायचं, नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा. विशेषतः मृत्यूचा. दफनाची नोंद सापडेपर्यंत माणूस माझ्या लेखी जिवंत, मग तो दोनशे वर्षांचा का होईना. हौशी लोक इथेच घसरतात, अंदाजानं माणसं मारून टाकतात.

मोनानं मोठ्यानं वाचा म्हटलं होतं, म्हणून मी रुहीला हेच वाचून दाखवायचो. “बघ हं रुही. मार्था, बायको, वय एकतीस, मागावर विणकाम. सॅरा, मुलगी, वय बारा, गिरणीत. जोसेफ, मुलगा, वय चार.” ती चमचा तोंडात धरून ऐकायची. गोष्टीच्या पुस्तकांना ती पाच मिनिटांत कंटाळायची, पण या याद्या तास तास ऐकायची. मला वाटलं, आजोबांचं रक्त.

अठराशे एकसष्टच्या पानावर याच मार्थाच्या, म्हणजे हॅनाच्या पूर्वजांच्या, घरात सगळ्यात खाली एक ओळ होती. एलन, आडनाव नाही. नातं : पाहुणी. वय नऊ. गिरणीत अर्धवेळ. शेवटच्या रकान्यात : मुकी.

मी मोठ्यानं वाचलं आणि फॉर्मचा विचार करत नोंद घेतली. पाहुणी म्हणजे रक्ताची नाही, तेव्हा आपल्या कामाची नाही. पुढे गेलो.

अठराशे एकाहत्तर. सॅराचं लग्न झालेलं, घर दुसरं, गल्ली दुसरी. नवरा, दोन मुलं आणि खाली एलन. पाहुणी, वय नऊ, मुकी.

यात घाबरण्यासारखं काही नाही हे मी लगेच सांगतो. त्या काळी नावं घराण्यात फिरायची. एक एलन गेली की पुढच्या मुलीला तेच नाव, आपल्याकडे आजीचं नाव नातीला ठेवतात तसं. वय नऊ हा योगायोग. मुकं असणं हाही योगायोग, किंवा त्याच कारकुनानं मागचं पान बघून उतरवलेलं. मी या एलनचा जन्म शोधला, बाप्तिस्मा शोधला, दफन शोधलं. चर्चच्या वह्यांत काही नव्हतं. मी तिचे सगळे रकाने रिकामे ठेवले आणि लॅपटॉप मिटला.

अठराशे एक्याऐंशीत ती पुन्हा होती.

३

ज्या सकाळी रुहीचे ओठ पहिल्यांदा हलले ती सकाळ मी विसरणार नाही. मी एक्याण्णवचं पान वाचत होतो. वर पाहिलं तर ती बोलत होती. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते, जीभ हलत होती, भुवया वर जात होत्या. मी टाळी वाजवायला गेलो आणि हात तसाच धरून ठेवला, ती थांबू नये म्हणून.

हॅनाला फोन केला. ती मीटिंगमधून बाहेर येऊन कारमध्ये बसून रडली. मोना म्हणाली, उत्तम लक्षण आहे, आवाज मागोमाग येईल. शैलजानं शिरा केला. मी दिवसभर छाती काढून फिरलो, कारण माझ्या याद्यांनी हे केलं होतं, थेरपीनं नाही.

दुसऱ्या दिवशी जरा नीट बघितलं. एक गोष्ट मला पटेना. साडेतीन वर्षांचं मूल तोंडातल्या तोंडात पुटपुटतं तसं ते नव्हतं. प्रत्येक अक्षराला तोंड पूर्ण उघडायचं, ओठ ताणले जायचे, पुन्हा चंबू व्हायचा. सावकाश, स्पष्ट, लांबच्या माणसाला दिसावं असं.

आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. काचेच्या दाराशी ठेवलेल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. दोन-चार शब्द झाले की थांबायची, डोळे बारीक करून खुर्चीच्या पाठीच्या जरा वर बघायची, मग मान हलवून पुढे सुरू.

मुलं हवेशी बोलतात. अनिश लहानपणी फ्रिजशी बोलायचा. मी उठून ती खुर्ची उचलली आणि गराजमध्ये ठेवली. परत आलो तेव्हा रुही त्याच जागेकडे बघत होती, पण आता थोडं आणखी वर, बसलेलं माणूस उभं राहिल्यावर मान जेवढी वर करावी लागते तेवढं.

४

ब्रॅकनशॉच्या स्थानिक इतिहास मंडळात डॉरीन नावाच्या बाई होत्या. वय एक्याऐंशी, आई आणि आजी दोघी विणकर. दर मंगळवारी आमच्या सकाळी आणि त्यांच्या दुपारी त्या मला व्हिडिओ कॉलवर जुन्या गल्ल्या समजावून सांगायच्या. बाई मोठ्या मिश्किल होत्या. पहिल्याच कॉलवर माझा आवाज जाईना तेव्हा मी वैतागून काहीतरी पुटपुटलो, तर त्या म्हणाल्या, “शिव्या देऊ नका मिस्टर देवदत्त, मला दिसतात.”

मी विचारलं, “तुम्हाला मराठी येतं?”

“नाही. पण शिवी ओळखू येते.”

मग त्यांनी सांगितलं. गिरणीच्या एका शेडमध्ये शेकडो माग एकदम चालायचे. कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून विणकर बायका आवाजाशिवाय बोलायच्या. तोंड मोठं उघडून, ओठ ताणून, मागांच्या पलीकडच्या बाईला दिसेल असं. त्याला त्या मी-मॉ म्हणत. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गावाच्या सगळ्या भानगडी चालायच्या आणि मुकादमाला पत्ता लागायचा नाही. मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की गिरणीत जायची आणि पहिल्या आठवड्यात हेच शिकायची, कारण नाही शिकलं तर मागात हात जायचा.

मी उंच खुर्चीतल्या रुहीकडे पाहिलं. मग म्हणालो, “मला शिकवा.”

“कशाला?”

“नात आहे,” मी म्हणालो. “तिच्याबरोबर बोलायचंय.”

हे काही खोटं नव्हतं. चार मंगळवारांत मी बऱ्यापैकी शिकलो. डॉरीनबाई आपला आवाज बंद करायच्या आणि मी त्यांचे ओठ वाचायचो. इंडियन स्टोअरमध्ये मी भाजीच्या फळीपाशी उभा राहून शैलजाला तिकडून मी-मॉ करायचो. ती काउंटरजवळून म्हणायची, “अहो, लोक बघतायत, दातांच्या डॉक्टरकडे नेऊ का तुम्हाला?” चौसष्टाव्या वर्षी नागपूरचा माणूस गिरणीची भाषा शिकतो याचं तिला कौतुक नव्हतं. मला होतं.

रुही मात्र माझ्याशी बोलायची नाही. मी समोर बसून ओठांनी “कशी आहेस” विचारलं की ती ओठ घट्ट मिटून हसायची. मी पाठ वळवली की काचेत तिचं प्रतिबिंब दिसायचं, आणि त्यात ते ओठ हलत असायचे.

५

सॅराची धाकटी मुलगी अठराशे त्र्याण्णवमध्ये मिनेसोटात आली. जहाजाच्या यादीत ती, नवरा, दोन मुलं. एलन नव्हती. मला बरं वाटलं, हे मी मान्य करतो. पुढे एकोणीसशे वीस, सेंट पॉल. नवरा रेल्वेत, मुलं तीन, आणि शेवटच्या ओळीत एलन. जन्म इंग्लंड. पाहुणी, वय नऊ.

शेवटची उघडी असलेली जनगणना एकोणीसशे पन्नासची. त्यापुढच्या अजून सरकारनं खुल्या केलेल्या नाहीत. त्यात हॅनाची आजी आहे, हॅनाची आई कॅरल पाळण्यात आहे, आणि एलन आहे. हेही पान हातानंच लिहिलेलं. अमेरिकेच्या फॉर्मात मुकीचा रकाना नव्हता. कारकुनानं समासात काहीतरी लिहून खोडलं होतं आणि मग तसंच सोडून दिलं होतं.

मी हॅनाला म्हटलं, आईला फोन लाव. कॅरल आता ॲरिझोनात असते. तिनं स्पीकरवर ऐकलं आणि हसली.

“आमच्याकडे कोणी पाहुणी राहत नव्हती. दोन खोल्या होत्या, पाहुण्याला कुठे ठेवणार? पण देवदत्त, तुमच्या फॉर्मचं उत्तर माझ्याकडे आहे. मी पाच वर्षांची होईपर्यंत बोलले नव्हते.”

हॅना टेबल धरून उभी राहिली. “आई, हे तू मला आत्ता सांगतेस?”

“विचारलं कधी तुम्ही? माझी आई म्हणायची, ही बोलते बरं का, फक्त ऐकू येत नाही. आणि मग एक दिवस बोलले. बघ, आता थांबवता येत नाही मला.”

हॅना हसत होती आणि डोळे पुसत होती. कॅरल बोलली तर रुहीही बोलेल. मीही हसलो. मनाच्या एका कोपऱ्यात मला विचारायचं होतं की पहिल्यांदा बोललीस तेव्हा काय झालं होतं, पण अशा आनंदात असले प्रश्न विचारायला मी काही खुळा नाही.

पुढच्या मंगळवारी डॉरीनबाईंशी बोलताना रुही मागेच खेळत होती. मी लॅपटॉप जरा वळवला, म्हटलं, बघा माझी नात, हिला मी-मॉ येतं की नाही सांगा.

डॉरीनबाई कौतुकानं पुढे झुकल्या. रुही दाराच्या काचेपाशी उभी होती, आमच्याकडे बाजू करून, आणि बोलत होती. बाई बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं पण आता ते नुसतं विसरून राहिलेलं होतं.

“तिला हे तुम्ही शिकवलंत?” त्यांनी विचारलं.

“नाही. काय म्हणतेय?”

“इंग्रजीच आहे. म्हणतेय, आजोबा वाचतात तेव्हा मला पण ऐकू येतं.” त्या थांबल्या. रुही थांबली होती म्हणून. रुही वर बघत होती. मग पुन्हा ओठ हलले आणि डॉरीनबाई म्हणाल्या, “नको. मी अजून लहान आहे. मला काम येत नाही.”

मी मागे वळून पाहिलं, दारापाशी रुही एकटीच होती.

“मिस्टर देवदत्त, घरात आणखी एखादं मूल आहे का? थोडं मोठं?”

“नाही.”

“ती थांबते तेव्हा बरोबर तेवढाच वेळ थांबते,” डॉरीनबाई म्हणाल्या. “जेवढा समोरच्याला बोलायला लागतो तेवढाच. माझी आजी आणि तिची मैत्रीण अशा बोलायच्या.” मग त्या चहाची वेळ झाली म्हणाल्या. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. तीन वाजले होते, आणि चहा त्या पाचला घ्यायच्या.

६

मी ठरवलं, हे संपवायचं. घाबरलो होतो का? होतो. पण घाबरून बसणाऱ्यांतला मी नाही. प्रत्येक सिस्टिममध्ये अर्धवट राहिलेली नोंद त्रास देते, ती बंद करायची असते, आणि माणसांच्या नोंदी बंद करायची पद्धत आपल्याकडे शेकडो वर्षं आहे. दोन ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या होती. त्या दिवशी आपले, आईकडचे, सासरचे, व्याह्यांचे, मित्रांचे, सगळ्यांना पाणी देता येतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. ब्रॅकनशॉच्या विणकर बायकांना मी काश्यप गोत्रात घेतलं.

शैलजा वड्यांचं पीठ कालवत होती. मी यादी तिला वाचून दाखवली. ती नावं ऐकत होती, पण शेवटच्या नावाला तिचा हात थांबला.

“अहो, हिची दफनाची नोंद मिळाली?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? अठराशे बावन्नचा जन्म धरला तरी पावणेदोनशे वर्षांची होईल. तिच्या मृत्यूचा दाखला आणून देऊ का तुला?”

“मी नाही, तुम्हीच म्हणता,” ती म्हणाली. “कागद नसेल तर माणूस जिवंत. आणि जिवंत माणसाच्या नावानं तीळपाणी सोडत नाहीत. माझ्या आईनं एकदा माझ्या मामाचं...” तिनं वाक्य सोडून दिलं. “हिला वगळा ना.”

मला राग आला, हे सांगितलंच पाहिजे. चौतीस वर्षांत मला कोणी माझाच नियम ऐकवला नव्हता. “हिला वगळलं तर बाकीचं करून उपयोग काय?” मी म्हणालो.

श्राद्धाच्या जेवणासाठी अनिश आणि हॅनानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. दुपारी साडेअकराला मी डेकवर पाट टाकून बसलो. आभाळ भरलेलं, थंडी हाडात जाणारी, अंगावर सोवळं आणि वर अनिशचं जॅकेट. ऑनलाइन मागवलेले दर्भ, काळे तीळ, तांब्या, पळी, समोर स्टीलची परात. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी परातीत पडायला लागलं. आमची माणसं झाली. मग मार्था, काश्यप गोत्र, तृप्यताम्. सॅरा, काश्यप गोत्र, तृप्यताम्. एकेक नाव सुटत गेलं तसं मला मोकळं वाटत गेलं, आणि आवाजही चढला.

मध्येच मी दाराकडे पाहिलं. काचेला आतून नाक लावून रुही उभी होती. बाहेर थंडी, आत ऊब, त्यामुळे तिच्या तोंडासमोर काचेवर वाफेचा गोल धरला होता. श्वासाबरोबर मोठा व्हायचा, लहान व्हायचा. गोड दिसत होतं.

त्या गोलाच्या वीतभर वर दुसरा एक गोल होता.

मी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं असेन. रुहीच्या मागे लागून कोणी उभं नव्हतं. शैलजा गॅसपाशी, तिची पाठ दिसत होती. अनिश आणि हॅना टेबलावर ताटं मांडत होते. काचेवर दोन गोल होते. खालचा एका लयीत लहानमोठा होत होता. वरच्याचा आकार बदलत होता. लांबट, मग गोल, मग आडवा ताणलेला, मग पुन्हा गोल. मी चार मंगळवार शिकलो होतो. नजर तिथून काढून परातीकडे न्यायला मला जोर लावावा लागला, कारण आणखी दोन सेकंद थांबलो असतो तर मला ते वाचता आलं असतं.

शेवटचं नाव राहिलं होतं. मी तीळ घेतले आणि एलन, काश्यप गोत्र, तृप्यताम् म्हणालो, स्पष्ट, खणखणीत, एका दमात. पाणी सोडलं.

वर पाहिलं तेव्हा काचेवर एकच गोल होता.  संपलं, केलं, मी केलं, असं मनात म्हणालो. तो उरलेला गोल कोणता होता, वरचा की खालचा, हे मी त्या क्षणी पाहिलं नाही. रुही दारापासून दूर जाऊन टेबलाकडे निघाली होती.

आतून हॅनाची किंकाळी आली. मी पळी टाकून उठलो.

७

किंकाळी आनंदाची होती. “ती बोलली,” अनिश मला मिठी मारत म्हणाला. जॅकेटच्या बाह्या ओल्या झाल्या त्याच्या अश्रूंनी की माझ्या हातातल्या पाण्यानं कोण जाणे. “बाबा, शी स्पोक. आय ॲम हंग्री म्हणाली, क्लिअर. फुल सेंटेन्स.”

शैलजा देवासमोर जाऊन हात जोडून आली. हॅना जमिनीवर बसली होती आणि रुहीला छातीशी घेऊन डोलत होती. मी दारातच उभा राहिलो, पायात चप्पल नाही, जानवं अजून उजव्या खांद्यावर. 

जेवायला बसलो. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी. हॅनानं फोन पाण्याच्या जगला टेकवून रेकॉर्डिंग सुरू केलं. “रुही, आणखी काही म्हण. आजोबांना ऐकव.”

“मोअर खीर, प्लीज,” आवाज आला. लहान मुलीचा, स्वच्छ, जरासा घोगरा, बरेच दिवस न वापरलेल्या गळ्यातून यावा तसा. खीर हा शब्द तिनं चुकीचा म्हटला, आमच्या घरात कोणी म्हणत नाही तसा, आणि सगळे हसले. साडेतीन वर्षांचं पोर पहिल्यांदा बोलतंय, उच्चार कसले बघता.

मी तिच्या समोरच बसलो होतो. अनिशला बाजूनं दिसत असेल, हॅनाला फोनच्या पडद्यावर. मला समोरून दिसत होतं. मोअर म्हणायला ओठ मिटावे लागतात. तिचे मिटले नाहीत. ते हलत होते, पण दुसऱ्याच शब्दांना. सावकाश, मोठे, ताणलेले, शेडच्या पलीकडच्या माणसाला दिसावं असे.

“थँक यू, ममा,” आवाज म्हणाला, आणि हॅनानं तोंडावर हात घेतला. ती इतकी वर्षं याच शब्दाची वाट बघत होती. मी तो शब्द ऐकला आणि त्याच वेळी तिचे ओठ वाचले. त्यात ममा नव्हतं. त्यात आजोबा होतं. आजोबा, आजोबा, पुन्हा पुन्हा.

तिचे डोळे माझ्यावर लागले होते. ते डोळे रुहीचे होते, यात मला शंका नाही. चष्मा लपवणारे, मला पुरते ओळखणारे.

मी ओठांनी विचारलं, कोणाला कळणार नाही असं. कुठे आहेस?

“आणखी वडा हवाय का राणी?” शैलजा विचारत होती. “यस प्लीज,” आवाज म्हणाला. सगळे पुन्हा हसले. हॅना माझ्याकडे वळली, चेहरा ओला, मी तिला इतकी सुखी कधीच पाहिली नव्हती. “बाबा, तुम्ही काहीच बोलत नाही. बोला ना तिच्याशी.”

रुहीचे ओठ माझ्या प्रश्नाला उत्तर देत होते. ती घाईत होती आणि तरी एकेक अक्षर नीट करत होती, कारण तिला तसंच शिकवलं गेलं होतं.

आजोबा, इथे खूप लाउड आहे. मला तुझं ऐकू येत नाही. मोठ्यानं वाच.